सोनं थांबलं, गाव उरलं

आजचा विषय कोलार गोल्ड फील्ड्स, म्हणजेच केजीएफ. सिनेमामुळे हे नाव आता घराघरांत पोचलंय. पण कर्नाटकात, बंगळूरच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर, ते गाव खरोखर आहे. त्याला ‘भुतांचं गाव’, ‘सोडून दिलेलं गाव’ असं सर्रास म्हटलं जातं. आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. शब्द दिसला की तो जरा खरवडून बघायची आम्हाला खोड आहे. ‘सोडून दिलेलं’ म्हणताना कर्ता गाळला जातो. कोणी सोडून दिलं? तो कर्ता शोधायचा तर थोडा इतिहास बघावा लागेल.

या भागात जुन्या खोदकामाच्या खुणा आधीपासून होत्या. १८०२ साली जॉन वॉरन या लष्करी अधिकाऱ्यानं इथल्या सोन्याची माहिती नोंदवली. १८७०च्या दशकात लॅव्हेल नावाच्या माजी सैनिकानं म्हैसूर सरकारकडून परवाना मिळवला. १८८०पासून जॉन टेलर अँड सन्स ही इंग्रज कंपनी आली आणि खऱ्या अर्थानं खाणी सुरू झाल्या. कावेरीवरच्या शिवनसमुद्रहून १९०२ साली वीज आणली गेली ती या खाणींसाठी. बंगळूरला ती मिळाली १९०५मध्ये. आता बघा, गाव आधी आणि उद्योग नंतर, हा आपला नेहमीचा अनुभव. इथं उलट झालं. आधी खाण, मग तिच्यासाठी माणसं, आणि माणसांसाठी गाव.

ती माणसं कोण होती? वर क्लब, बंगले, गोऱ्या साहेबांचं ‘छोटं इंग्लंड’. खाली ‘लाइनी’, म्हणजे मजुरांच्या रांगेतल्या खोल्या. बहुसंख्य मजूर तमिळ भाषक, आणि त्यांतले बरेचसे दलित. गावच्या वेठीपेक्षा खाणीतला रोख पगार बरा, असा त्यांचा हिशोब. त्या पगाराबरोबर आणखी एक गोष्ट आली. पंडित अयोथी दास यांनी तमिळ दलितांत बौद्ध धम्माची जी चळवळ उभी केली, तिची शाखा इथल्या मारिकुप्पमला होती, आणि तीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला! नागपूरच्या १९५६च्या दीक्षेच्या कितीतरी आधी खाण कामगारांच्या वस्तीत हा विचार रुजला होता, हे आपण मराठी माणसांनी आवर्जून लक्षात ठेवावं. १९३०मध्ये याच कामगारांनी संप केला. कारण काय, तर प्रत्येकाच्या बोटांचे ठसे घेण्याची सक्ती. ‘आम्ही गुन्हेगार नाही’ हा त्याचा सरळ अर्थ.

चॅम्पियन रीफची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली. तिथं खडकच साठ अंशांच्या वर तापलेला. दाबाखालचा खडक अचानक फुटायचा आणि माणसं जायची. जी वाचत, त्यांतल्या कित्येकांच्या फुप्फुसांत धूळ साचून राहायची. या खोलीचा आणखी एक उपयोग झाला, आणि त्याचं नातं मुंबईशी आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर इथं, दोन किलोमीटरहून जास्त खोलवर, उपकरणं बसवली. वरचा खडक इतर विश्वकिरण अडवतो, न्यूट्रिनो मात्र आरपार येतात. १९६५ साली वातावरणात जन्मणारे न्यूट्रिनो इथं नोंदले गेले. दक्षिण आफ्रिकेतल्या एका खाणीतही त्याच सुमारास ते सापडले. तीही सोन्याचीच!

१९५६मध्ये खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७२पासून भारत गोल्ड माइन्स ही केंद्र सरकारची कंपनी त्या चालवू लागली. पण खडकातलं सोन्याचं प्रमाण घटत गेलं, खोली वाढली, खर्च सोन्याच्या किमतीपुढे गेला. २८ फेब्रुवारी २००१ला काम थांबलं. एकशेवीस वर्षांत सुमारे ८०० टन सोनं निघालं होतं.

हिशोबाच्या वहीत इथं रेघ मारता येते. पण घर, पाणी, वीज, दवाखाना, सगळं खाणीनंच दिलेलं होतं. म्हणजे नोकरी गेली तेव्हा पगारापाठोपाठ पायाखालची जमीनही डळमळली. ज्या खोलीत तीन-चार पिढ्या जन्मल्या, ती खोली कोणाची, हा प्रश्न वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. सोनं काढून उरलेल्या, सायनाइडची प्रक्रिया झालेल्या वाळूचे डोंगर वस्तीला लागून उभे आहेत. वारा सुटला की ती धूळ घरात येते.

आणि तरी गाव रिकामं नाही! २०११च्या जनगणनेत इथली लोकसंख्या दीड लाखाहून अधिक होती. पहाटे मारिकुप्पमहून गाड्या भरभरून बंगळूरला जातात आणि रात्री तीच माणसं परत येतात. नोकरी शंभर किलोमीटरवर, पण घर इथंच.

म्हणजे सोडून गेला तो मालक. आधी परदेशी कंपनी, मग आपलंच सरकार. माणसं गेली नाहीत. ॲरिस्टॉटलच्या भाषेत बोलायचं तर कुऱ्हाडीचं प्रयोजन तोडणं. धार गेली की ती कुऱ्हाड नावापुरती. खाणीला हा न्याय लावा, हरकत नाही. गावाला तो लावता येत नाही. गाव वसवणाऱ्याचा हेतू एक असतो, आणि त्यात राहणाऱ्यांचे हेतू हजार असतात: लग्नं, शाळा, चर्च, विहार, मारिअम्मनची जत्रा. पहिला संपला म्हणून बाकीचे संपत नाहीत.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. ‘ओसाड’ म्हटलं की तिथं कोणाचं देणं उरत नाही. जमीन मोकळी, वाळूचे ढीग लिलावाला मोकळे. ‘वस्ती’ म्हटलं की घराची मालकी, थकलेली देणी, धुळीचा बंदोबस्त, आजारी फुप्फुसांचा इलाज, सगळी यादी पुढे येते. त्या ढिगांत अजून थोडं सोनं आहे, ते काढायची चर्चाही अधूनमधून होते. ती पुन्हा ऐकू आली तर किती टन निघेल हे जरूर विचारा. पण त्याआधी शेजारच्या लाइनीत कोण राहतं, हे विचारा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.