तीन कादंबऱ्या आणि हजेरी

अलीकडे तीन कादंबऱ्या लागोपाठ वाचल्या. अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' (१९५९), उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) आणि शरणकुमार लिंबाळे यांची 'सनातन' (२०१८). पहिल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा वाचल्या. ही समीक्षा नव्हे. घरातला पहिला पदवीधर असल्याने पुस्तकाकडे मी अजूनही पोटाच्या बाजूने जातो.

माझ्या वर्गातली बरीच मुले भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ठेकेदाराकडे आहेत. रात्रपाळी करून सकाळी बाकावर बसतात, डुलक्या घेतात. 'फकिरा'त मांगांच्या माथी मारलेली हजेरी आली आणि वर्ग जागा झाला. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसांच्या जन्मावरच गुन्ह्याचा शिक्का मारला. केंद्र सरकारने तो कायदा रद्द केला १९५२ साली. म्हणजे ही कादंबरी आली तेव्हा त्याला जेमतेम सात वर्षे झाली होती. बाबासाहेबांच्या लेखणीला ती अर्पण का केली, हे मग वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

एकाने विचारले, "सर, आमची हजेरी चुकली तर खाडा पडतो, पगार कापतात. त्यांचे काय कापायचे?"

मी म्हणालो, तुझी हजेरी तू कामावर आलास हे सांगते. त्यांची हजेरी ते कुठे गेले नाहीत हे सांगायची. दोन्ही एक मानू नका. सगळ्या दुःखांना एकाच मापाने मोजण्याची आपल्यातल्या काहींना सवय आहे, ती मला पटत नाही. पण वर्गाचे समाधान झाले नाही. ठेकेदाराची हजेरी उद्याच्या कामाची हमी देत नाही, हे त्यांचे म्हणणे मला खोडता आले नाही.

'धग' दलित लेखकाची नाही, म्हणून ती आपली नव्हे, असे म्हणणारे मित्र आहेत. त्यांनी कौतिक पाहावी. नवरा महादेव शिंपी, त्याला महारोग होतो, आणि ही बाई राबून घर उभे ठेवू पाहते. विदर्भातून इकडे आलेल्या एका विद्यार्थिनीने तिचे वऱ्हाडी बोलणे वर्गात मोठ्याने वाचले. तोवर ती स्वतःची बोली आमच्यापासून लपवीत होती.

'सनातन'ला २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. 'अक्करमाशी'तला (१९८४) 'मी' सोडून लिंबाळे येथे पिढ्यांच्या इतिहासाकडे गेले आहेत. इतिहास सांगण्याच्या भरात काही माणसे मला धावती वाटली. तरी ही वाट हवी आहे. 'बलुतं'पासून (१९७८) आत्मकथनांनी आपल्याला तोंड दिले. पण आत्मकथन लिहू शकतो तो वाचलेला, शिकलेला. जो मध्येच गळाला, त्याच्यासाठी कादंबरीच लागते.

पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली १९५४ साली. तेव्हापासून हा पट्टा चाकणपर्यंत पसरला. त्यातल्या ठेका कामगाराची कादंबरी माझ्या वाचनात नाही. खाड्याचा प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मी एक वही दिली. त्याने पहिले पान लिहून आणले आहे. त्यावर नुसती नावे आहेत, त्याच्या लाइनीवरून सहा-सहा महिन्यांनी काढून टाकलेल्या पोरांची.