नववीच्या उंबरठ्यावर थांबणारी मुले

शाळा सुरू होते तेव्हा नववीच्या हजेरीपटावर सर्व मुलांची नावे असतात. दिवाळीनंतर काही नावांपुढे सलग गैरहजेरी दिसू लागते आणि वार्षिक परीक्षेपर्यंत ती नावे विस्मरणात जातात. अमरावती धर्मप्रांताच्या कक्षेत येणाऱ्या यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्यासारख्या कापूसपट्ट्यात हे चित्र नवे नाही. ‘मुलाला शिक्षणाची गोडीच नाही’ असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु कोणताही मुलगा एका दिवसात शाळा सोडत नाही. म्हणूनच त्यामागील कारणांचा क्रम आपण समजून घेतला पाहिजे.

यूडायसच्या २०२१-२२ च्या अहवालानुसार देशात माध्यमिक स्तरावरील गळती १२.६ टक्के होती. प्राथमिक स्तरावर ती याहून कितीतरी कमी असते. हा फरक का पडतो? १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयाच्या बालकांना, म्हणजे आठवीपर्यंत, संरक्षण देतो. नववीत पाऊल ठेवताच हा आधार संपतो. लहान गावांतील आणि कोलाम पोडांवरील शाळा त्याआधीच संपलेली असते. पुढील शिक्षणासाठी मोठ्या गावी किंवा पांढरकवड्याला जावे लागते. मुलींना एस.टी.चा मोफत पास मिळतो, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मुलाला मात्र सवलतीच्या पासासाठीही पैसे मोजावे लागतात.

याच वयात मुलाच्या हातांना मजुरीचा भाव येतो. डवरणी, गुरे राखणे, फवारणी ही कामे पुरुषांची मानली जातात. त्यातील धोका किती भीषण आहे, हे २०१७ साली दिसून आले. त्या वर्षी जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. दसरा-दिवाळीपासून कापूस वेचणीची घाई सुरू होते. पुढे गुढीपाडव्याला सालगड्याचे नवे वर्ष उजाडते आणि उचल घेतलेल्या घरातील मुलगा वार्षिक परीक्षेच्या तोंडावरच कामाला बांधला जातो. शेतीचे वर्ष आणि शाळेचे वर्ष यांचा मेळ बसत नाही. कर्जात बुडालेल्या घरात शेती जिंकते.

दुसरे कारण शाळेतच दडलेले आहे. घरी कोलामी किंवा गोंडी बोलणारा मुलगा पहिलीपासून मराठी पुस्तकाशी झगडतो. वाचन कच्चे राहिले तरी तो वरच्या वर्गात जातो. नववीत बीजगणित आणि विज्ञान समोर आले की त्याला काहीच उमगत नाही. वर्गात रोज अपमान आणि शेतात रोज मजुरी! यातून तो काय निवडेल, हे सांगायला नको. ज्याला आपण ‘गोडी नाही’ म्हणतो, ती पुष्कळदा न समजल्याची लाज असते.

संत जॉन बॉस्को यांनी तुरीन शहरातील कामकरी मुलांना कामावरून हाकलले नाही. १८५० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांनी मालकांशी लेखी करार करून मुलांना विश्रांती आणि माणुसकीची वागणूक मिळवून दिली. मुलाचे दारिद्र्य त्यांनी जाणले आणि त्याचे भवितव्यही जपले. द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यात प्रत्येक मानवाचा शिक्षणाचा हक्क स्पष्टपणे मांडला आहे.

आपण काय करू शकतो? सलग तीन दिवस मुलगा दिसला नाही, तर चौथ्या दिवशी त्याच्या घरी कोणीतरी गेले पाहिजे. सायंकाळी वाचन व गणिताचा वर्ग धर्मग्रामाच्या सभागृहात, कोणत्याही धर्माच्या मुलांसाठी, चालवता येईल. ज्याची शाळा सुटलीच आहे, त्याला १७ नंबरचा अर्ज भरून दहावीला खासगीरीत्या बसता येते, हे त्याच्या आईवडिलांना सांगावे. आठवी उत्तीर्णांसाठी आय.टी.आय.मध्येही काही अभ्यासक्रम आहेत. आणि आपल्यापैकी जे शेतमालक आहेत, त्यांनी पाडव्याला सालगडी ठेवताना समोरच्या मुलाचे वय विचारावे.

नव्व्याण्णव मेंढरे सुखरूप असताना चांगला मेंढपाळ हरवलेल्या एकाच्या शोधात निघाला. ते हरवले आहे हे त्याला कळले, कारण त्याने मोजले होते. प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या गावातील नववीची मुले आपण मोजली आहेत काय?