दाढ काढली, कळ राहिली

न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत एक हकीकत वारंवार ऐकायला मिळते. तपशील बदलतात, क्रम मात्र तोच असतो. पन्नाशी ओलांडलेल्या बाईंच्या उजव्या गालात अचानक कळ येते. घास चावताना, दात घासताना, तोंडावर पाणी मारताना करंट बसल्यासारखी चमक जाते आणि काही सेकंदांत ओसरते. दुखणं दाढेपाशी जाणवतं म्हणून आधी दंतवैद्य गाठला जातो. दाढेला थोडी कीड असतेच, मग रूट कॅनॉल होतं. कळ परत येते, तेव्हा ती दाढ काढली जाते, पुढे शेजारचीही. त्या बाजूला चावायला दात उरत नाहीत, तरी कळ थांबत नाही. मधल्या काळात वेदनाशामक गोळ्यांनी पित्त वाढलेलं असतं, खाणं सुटल्यामुळे वजन उतरलेलं असतं आणि घरातल्यांना 'हे मनाचं दुखणं तर नाही ना' अशी शंका येऊ लागलेली असते.

या आजाराला ट्रायजेमिनल न्यूरॅल्जिया, म्हणजे चेहऱ्याचा चेताशूळ, म्हणतात. चेहऱ्याची संवेदना मेंदूपर्यंत नेणारी पाचवी मस्तिष्क-चेता तीन शाखांनी कपाळ, गाल आणि जबडा व्यापते. दुखतं दाढेत, पण बिघाड असतो कवटीच्या आत, जिथे ही चेता मेंदूच्या देठाला मिळते तिथे. दर वर्षी लाखात साधारण चार ते तेरा जणांना तो नव्याने होतो, स्त्रियांना पुरुषांपेक्षा अधिक, आणि बहुधा पन्नाशीनंतर. चेताविकारांच्या वेदनांमध्ये इतका नेमका ओळखता येणारा आणि इतके वेगवेगळे उपचार असलेला आजार क्वचितच सापडेल. म्हणूनच त्यापायी निरोगी दाढा जाव्यात, हे फार खटकतं.

हा आजार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात शिरोरोगांमध्ये सांगितलेल्या 'अनंतवाता'शी त्याचं नातं आजचे वैद्य जोडतात. युरोपातली एक सविस्तर नोंद तत्त्वज्ञ जॉन लॉक यांची आहे. लॉक वैद्यकही करत. 1677 च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये इंग्लंडच्या राजदूताच्या पत्नीला, काउंटेस ऑफ नॉर्थंबरलँडला, पाहायला त्यांना बोलावणं आलं. आगीचा लोळ उठावा तशी वेदना तिच्या चेहऱ्यात उसळत होती आणि तोंड उजव्या कानाकडे ओढलं जात होतं, असं त्यांनी पत्रांतून कळवलं. उपचार म्हणून त्यांनी जुलाब दिले. त्या काळाच्या हाती तेवढंच होतं. पुढे 1773 मध्ये लंडनच्या जॉन फॉदरगिल यांनी या रोगाचं असं वर्णन केलं, की आजचा विद्यार्थी त्यावरून निदान करू शकेल.

निदान आजही वर्णनावरच ठरतं. कळ क्षणभरापासून फार तर दोन मिनिटांपर्यंत टिकते, विजेच्या झटक्यासारखी असते, चेहऱ्याच्या एकाच बाजूला येते आणि एरवी कधीच दुखणार नाही अशा स्पर्शाने पेटते. वाऱ्याची झुळूक, दाढीचं पातं, कपाळावर टेकवलेलं बोट, 'प' किंवा 'ब' उच्चारताना मिटलेले ओठ, काहीही पुरतं. सडलेल्या दाताचं दुखणं असं वागत नाही. ते ठणकतं, रात्रभर जागवतं, गरम-थंड लागलं की वाढतं आणि बराच वेळ रेंगाळतं. म्हणजे 'कळ किती वेळ टिकते?' आणि 'कशाने सुरू होते?' हे दोन प्रश्न दंतवैद्याच्या खुर्चीतच विचारले गेले, तर बऱ्याच दाढा वाचतील. पुष्कळ दंतवैद्य ते विचारतात आणि रुग्णाला योग्य जागी पाठवतातही. जिथे विचारले जात नाहीत, तिथे वर्षं वाया जातात.

गालाच्या सगळ्याच दुखण्यांचं मूळ या चेतेत नसतं. ताणाखाली किंवा झोपेत दात आवळणाऱ्यांचे चावण्याचे स्नायू आखडतात. ते दुखणं बोथट असतं, तासन्‌तास राहतं, सकाळी उठल्यावर जबडा जड वाटतो आणि कानाच्या पुढचा स्नायू दाबला की दुखतो. त्यावर काही दिवस मऊ आहार, शेक, जबड्याचे व्यायाम, रात्री दातांवर बसवायची पट्टी आणि गरजेप्रमाणे अल्प मात्रेत ॲमिट्रिप्टिलिन असा साधा उपचार चालतो. या स्नायूदुखीला चेताशूळ समजून कवटी उघडायची नाही आणि चेताशुळाला स्नायूदुखी समजून महिनोन्‌महिने शेकत बसायचं नाही. दोन्ही चुकांची किंमत रुग्णच मोजतो.

निदान ठरलं की एमआरआय काढतात. ट्यूमर किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस नाही याची खात्री करणं हा त्याचा पहिला उद्देश. वय चाळिशीच्या आत असेल, दुखणं दोन्ही बाजूंना असेल, गाल बधिर झाला असेल किंवा एका कानाने ऐकू येणं कमी झालं असेल, तर ही तपासणी अजिबात लांबवू नये.

औषधांची गोष्ट 1953 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझेलमधल्या गायगी कंपनीत सुरू होते. तिथे रसायनशास्त्रज्ञ वॉल्टर शिंडलर यांनी कार्बामाझेपिन तयार केलं. 1962 मध्ये सिगफ्रिड ब्लोम यांनी ते चेहऱ्याच्या चेताशुळासाठी वापरल्याचं 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं, आणि साठ वर्षं उलटली तरी पहिली गोळी तीच आहे. चेतेतल्या सोडियमच्या वाटा अडवून ती बेलगाम संदेशांना लगाम घालते. सुरुवातीला बहुसंख्य रुग्णांना तिने उतार पडतो, काहींना तर दोन दिवसांत. ती भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि स्वस्त आहे. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या नेहमीच्या गोळ्या इथे कुचकामी ठरतात, कारण त्यांचं काम सूज उतरवण्याचं आणि इथे सूजच नसते. महिनोन्‌महिने घेतल्यास मूत्रपिंड आणि जठर यांना इजा होते, ती वेगळीच.

कार्बामाझेपिनही निर्धोक नाही. झोप येते, तोल जातो, रक्तातलं सोडियम उतरतं. तिचं भावंड ऑक्सकार्बाझेपिन काहींना अधिक सोसतं, पण सोडियम त्यानेही उतरतं, बऱ्याचदा जास्तच. वयस्क माणसाने औषध सुरू झाल्यावर गोंधळून जाणं किंवा पडणं हे 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये, रक्त तपासावं. त्वचेचा धोका याहून गंभीर. तैवानच्या संशोधकांनी 2004 मध्ये दाखवून दिलं की कार्बामाझेपिनमुळे स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम हा त्वचा सोलवटणारा जीवघेणा विकार झालेल्या त्यांच्या 44 च्या 44 रुग्णांमध्ये एचएलए-बी*1502 हे जनुकरूप होतं. ते आशियाई लोकसमूहांत जास्त आढळतं, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 मध्ये आशियाई वंशाच्या रुग्णांची औषधाआधी जनुकचाचणी करण्याची शिफारस केली. चाचणी झाली असो वा नसो, पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर पुरळ उठलं किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला हवं. एरवी मात्र ही गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करायची नसते.

वर्षं जातात तशी गोळी कमी पडू लागते. मात्रा वाढवली की माणूस दिवसभर पेंगतो. बॅक्लोफेन, लॅमोट्रिजिन, गॅबापेंटिन यांची जोड देऊन पाहतात. मग एक दिवस शस्त्रक्रियेचा विषय निघतो आणि घरातल्यांच्या पोटात गोळा येतो.

या शस्त्रक्रियेमागे एक देखणा शोध आहे. बाल्टिमोरचे वॉल्टर डँडी यांना 1930 च्या सुमारास चेता कापताना पुन्हा पुन्हा दिसत होतं की एखादी रक्तवाहिनी तिला टेकलेली आहे. पण शस्त्रक्रियेचा सूक्ष्मदर्शक तेव्हा नव्हता आणि त्यांचं म्हणणं मागे पडलं. 1966 च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये शिकाऊ न्यूरोसर्जन असलेले पीटर जॅनेटा दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी मस्तिष्क-चेतांचं विच्छेदन करत होते. सूक्ष्मदर्शकाखालच्या या कामातून त्यांचं लक्ष चेतेवर रेललेल्या रक्तवाहिनीकडे गेलं. धमनीच्या सततच्या ठोक्यांनी चेतेचं आवरण झिजतं. वायरचं प्लॅस्टिक खरवडलं गेल्यावर शेजारच्या तारा एकमेकींना भिडाव्यात, तसे स्पर्शाचे संदेश वेदनेच्या तंतूंत शिरतात. जॅनेटांनी चेता कापली नाही. रक्तवाहिनी अलगद बाजूला केली आणि दोघींच्या मध्ये मऊ पदार्थाची गादी ठेवली. आता त्यासाठी टेफ्लॉनचा कापूस वापरतात.

जाणते सर्जन या कल्पनेला बरीच वर्षं हसत होते. 1996 मध्ये जॅनेटांच्या पिट्सबर्गमधल्या चमूने 1,185 रुग्णांचा अनुभव 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये मांडला: दहा वर्षांनीही 70 टक्के रुग्ण औषधांवाचून वेदनामुक्त होते. दोन रुग्ण दगावले आणि सुमारे एक टक्का रुग्णांचं त्या बाजूचं ऐकणं गेलं. कानामागे रुपयाच्या नाण्याएवढं छिद्र पाडून होणारी ही शस्त्रक्रिया तब्येत धड असलेल्या आणि एमआरआयमध्ये रक्तवाहिनीचा दाब स्पष्ट दिसणाऱ्या रुग्णासाठी सर्वांत टिकाऊ ठरते, आणि चेहऱ्याची संवेदनाही शाबूत ठेवते. दाब दिसला म्हणजे रोग सिद्ध झाला असं मात्र नाही. एकदाही कळ न आलेल्या माणसांच्या एमआरआयमध्येही असा स्पर्श दिसतो. शेवटचा शब्द रुग्णाच्या हकिकतीचाच.

ज्यांना मोठी भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी गालातून सुई घालून करायच्या पद्धती आहेत. चेतेची गाठ उष्णतेने अंशतः जाळता येते किंवा इवल्याशा फुग्याने दाबता येते. ग्लिसरॉलची पद्धत तर स्टॉकहोममध्ये योगायोगाने सापडली. स्टेन हॉकनसन यांनी किरणोपचाराची जागा एक्स-रेवर दिसावी म्हणून धातूची भुकटी ग्लिसरॉलमध्ये कालवून टोचली, तर किरण देण्याआधीच रुग्णांची वेदना थांबली. 1981 मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. कवटी न उघडता नेमक्या जागी किरण देण्याची ही कल्पना न्यूरोसर्जन लार्स लेक्सेल यांची. त्यातूनच गॅमा नाइफ हे यंत्र आलं. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात ते नव्वदच्या दशकापासून आहे. या उपचारात कापाकापी नाही, पण गुण यायला आठवडे किंवा महिने लागतात, तोवर गोळ्या चालू ठेवाव्या लागतात.

सुईच्या पद्धतींत आराम लगेच मिळतो, मात्र त्याच्या बदल्यात थोडी बधिरता पत्करावी लागते, आणि काही वर्षांत दुखणं परतू शकतं. तेव्हा तीच प्रक्रिया पुन्हा करता येते. क्वचित बधिर झालेल्या भागातच कायमची जळजळ सुरू होते. तिच्यावर इलाज फार अवघड, म्हणून ही शक्यता आधी स्पष्ट सांगितली गेलीच पाहिजे. सत्तरीतल्या, हृदय कमकुवत असलेल्या आजोबांना गाल थोडा बधिर चालेल. पंचेचाळिशीच्या शिक्षिकेला, जिचं पोट बोलण्यावर आहे, तो कदाचित चालणार नाही. ही निवड डॉक्टरांनी रुग्णासमोर पर्याय मांडून त्याच्यासोबत करायची असते.

अभिनेता सलमान खान यांनी 2011 मध्ये या आजारासाठी अमेरिकेत उपचार घेतले आणि नंतर त्याविषयी ते उघडपणे बोलले. त्यामुळे आजाराचं नाव घराघरांत पोचलं, हा मोठाच लाभ. त्यासोबत 'आत्महत्येचा आजार' हे बिरूदही पसरलं, ते टाकून दिलेलं बरं. नुकतं निदान झालेल्या माणसाला त्या शब्दाने फक्त धास्ती मिळते. त्याला गरज असते ती हे कळण्याची, की पहिल्या गोळीने भागलं नाही तर दुसरी आहे आणि तिच्यापुढे तीन-चार वेगळे मार्ग आहेत. वेदनेने खचून जीव नकोसा झाल्याचं रुग्ण बोलला, तर ते गंभीरपणे घेऊन मानसोपचारही सोबत सुरू करावेत.

यासाठी परदेशी जावं लागत नाही. मुंबईच्या केईएम आणि पुण्याच्या ससूनसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत न्यूरोसर्जरीचे विभाग आहेत. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून खर्चाची सोय होते का, हे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारता येतं. पहिल्या भेटीला जाताना कळ कुठून कुठे जाते, किती वेळ टिकते, कशामुळे येते, आजवर कोणत्या गोळ्या कोणत्या मात्रेत घेतल्या आणि कोणते दात कधी काढले, एवढं कागदावर लिहून न्यावं. बोलतानाच कळ येत असेल, तर घरच्या कुणीतरी ते वाचून दाखवावं.