जीर्ण कूर्परशूल : सुईनंतरचे बारा आठवडे

'टेनिस एल्बो' हे नाव सर्वसामान्यांच्या परिचयाचे झाले ते सचिन तेंडुलकर यांच्यामुळे. २००५ साली त्यांच्या डाव्या कोपरावर लंडन येथे शस्त्रक्रिया झाली. तथापि हा विकार केवळ खेळाडूंचा नव्हे. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना शिवाजी महाराज जेथे थांबले असे सांगितले जाते, त्या जव्हारजवळील शिरपामाळाच्या परिसरातील श्रमजीवन पाहावे. राबासाठी कोयत्याने फांद्या तोडणे, भातकापणी, आणि दिवाळीनंतर वीटभट्टीवरील मजुरी, या कामांत मूठ सतत आवळलेली असते. त्याचा ताण कोपराच्या बाहेरील उंचवट्याला जोडलेल्या कंडरेवर पडतो. जीर्ण अवस्थेत तेथे शोथ अल्प आणि तंतूंची झीज अधिक आढळते. म्हणूनच केवळ शोथहर गोळ्यांनी हा रोग समूळ जात नाही.

स्टिरॉइडच्या सुईने त्वरित आराम पडतो. परंतु २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या, १६५ रुग्णांवरील ऑस्ट्रेलियन अभ्यासाचा निष्कर्ष विचार करावयास लावणारा आहे. वर्षअखेर औषधविरहित सुई घेतलेल्यांपैकी ९६ टक्के, तर स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ८३ टक्के रुग्ण बरे झाले वा पुष्कळ सुधारले. व्याधी उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे १२ व ५४ टक्के होते.

सुश्रुताचार्यांनी स्नायु, संधी व अस्थिगत वातावर स्नेहन, उपनाह, अग्निकर्म, बंधन व उन्मर्दन सांगितले आहे. विद्धकर्म अथवा कोरड्या सुईने काही रुग्णांची वेदना उतरते. मात्र दीर्घकालीन लाभाचा पुरावा अद्याप पुरेसा नाही. म्हणून आम्ही सुईला उपचाराचा आरंभ मानतो, शेवट नव्हे. कूर्पर हे वैकल्यकर मर्म असून समीपच बोटे उघडणारी नाडी जाते, याचे भान ठेवावे. सुई निर्जंतुक व एकदाच वापरावयाची असावी. मधुमेही आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणारे रुग्ण आधीच विचारून घ्यावेत. मुंग्या, बधिरता, मानेतून उतरणारी कळ अथवा बोटे उचलण्यात अशक्तता असल्यास निदानाचा फेरविचार करावा.

वेदना उतरल्यावर कंडरेला बळ द्यावयाचे ते व्यायामाने. हात मेजावर पालथा ठेवून मनगट कडेबाहेर घ्यावे. हातात अर्धा लिटर पाण्याची बाटली धरावी. दुसऱ्या हाताच्या आधाराने मनगट वर उचलावे व आधार काढून सावकाश खाली सोडावे. अशी दहा ते पंधरा आवर्तने, तीन वेळा करावीत. दुसऱ्या दिवशी वेदना वाढल्यास भार कमी करावा. हा क्रम सुमारे बारा आठवडे चालावा.

खरी अडचण येथेच आहे. आराम पडताच मजूर भट्टीवर परततो व दुखणे पुन्हा उद्भवते. त्याला 'विश्रांती घ्या' म्हणणे म्हणजे रोजगार सोडावयास सांगणे होय. म्हणून वैद्यांनी स्थलांतरापूर्वीच व्यायाम करवून घ्यावा, घरातील दुसऱ्या व्यक्तीसही शिकवावा, कोयत्याची मूठ कापडाने जाड करावयास सांगावे. औषधविक्रेत्यांनीही वारंवार वेदनाशामक मागणाऱ्या ग्राहकास वैद्यांकडे पाठवावे. भट्टीवर वैद्य सोबत नसतो. शिकवलेला व्यायाम मात्र सोबत जातो.