तेलाचा डबा किती दिवस पुरतो?

पुण्यातील एका पेठेत तीन पिढ्यांपासून कापडाचे दुकान असलेल्या ५२ वर्षांच्या गृहस्थांना गेल्या वर्षी एक विचित्र त्रास जाणवू लागला. चष्म्याचा नंबर ठरेना. सकाळी नीट दिसणारी अक्षरे संध्याकाळी धूसर होत. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रक्त तपासून घेण्यास सांगितले आणि अहवालात एचबीए१सीचा आकडा ७.४ आला. मागील सुमारे तीन महिन्यांतील रक्तशर्करेची सरासरी सांगणारा हा आकडा ६.५ किंवा त्याहून अधिक असला, तर त्यास मधुमेह म्हणतात.

“रात्री उशिरा जेवता का?” डॉक्टरांनी विचारले.

“नाही. बारा महिने चौविहार आहे. सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाही.” उत्तरात थोडा अभिमान होता आणि तो अस्थानी नव्हता.

“उत्तम. मग सूर्यास्तापूर्वी काय खाता?”

या प्रश्नाचे उत्तर द्यायला मात्र वेळ लागला. कारण पुण्यात डिसेंबर महिन्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दुकानात गिऱ्हाइकांची खरी गर्दी त्याच वेळी असते. घरी जाऊन जेवणे शक्य नसते. गल्ल्यावरून उठून, मागच्या खोलीत उभ्या उभ्या पंधरा मिनिटांत जे उरकायचे त्यात दोन कचोऱ्या, मूठ-दोन मुठी शेव, तुपाने माखलेले खाकरे आणि गोड चहा असे. आता उद्या सकाळी नवकारसी होईपर्यंत काही मिळणार नाही, या जाणिवेने दोन घास अधिकच जात. नियम तंतोतंत पाळला जात होता. पोटात जाणाऱ्या वस्तूंकडे मात्र कोणाचे लक्ष नव्हते.

व्यापारी समाजातील असंख्य घरांची स्थिती याहून फारशी निराळी नाही. कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य, मद्य-मांसाचा प्रश्नच नाही, तेव्हा आपला आहार मुळातच सात्त्विक आहे, अशी समजूत घट्ट बसलेली असते. परंतु उपाहारगृहातील ‘जैन पावभाजी’मध्ये बटाट्याच्या जागी कच्चे केळे येते, लोणी तेवढेच राहते आणि पावही मैद्याचाच असतो. ‘जैन’ ही चिठ्ठी पदार्थात काय नाही ते सांगते. काय आहे आणि किती आहे, हे ती सांगत नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या ‘इंडियॅब’ पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. दिवसभर गादीवर किंवा गल्ल्यावर बसून काम करणाऱ्या वर्गाने या आकड्यांकडे परक्याचा हिशेब म्हणून पाहणे परवडणारे नाही.

उपरोक्त घरात बदलाची सुरुवात स्वयंपाकघरात झाली नाही, ती किराण्याच्या बिलांपासून झाली. घरात माणसे पाच. गृहस्थ, त्यांची पत्नी, वृद्ध आई, मुलगा आणि दुकानाचे जीएसटीचे हिशेब सांभाळणारी सून. सुनेने गेल्या काही महिन्यांची बिले काढली आणि दुकानातील मालाचा खप काढतात तसा घरातील खप काढला. तेलाचा १५ किलोचा डबा ५० दिवसांत संपत होता. म्हणजे रोज ३०० ग्रॅम, माणशी ६० ग्रॅम. तूप महिन्याला ३ किलो, म्हणजे माणशी रोज २० ग्रॅम. दोन्ही मिळून ८० ग्रॅम झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला २००० कॅलरींची गरज असलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी जो आहाराचा नमुना दिला आहे, त्यात तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम आहे. दुकानातील नोकरांचा आणि पाहुण्यांचा वाटा म्हणून सुनेने एक चतुर्थांश वजा केला, तरी आकडा दुपटीच्या वरच राहिला. शिवाय बाहेरून येणारे ४ किलो फरसाण या हिशेबात धरलेलेच नव्हते. शेवेच्या पुडीमागील तक्ता वाचला, तर तिच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्सा तेलाचाच असतो.

साखर महिन्याला साडेसात किलो, म्हणजे माणशी रोज ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेला २५ ग्रॅमच्या आत राहणे इष्ट वाटते. सर्वांत अनपेक्षित आकडा डाळींचा निघाला. तूर, मूग, हरभरा आणि बेसन सर्व मिळून ६ किलो, म्हणजे माणशी रोज ४० ग्रॅम. पोषण संस्थेच्या नमुन्यात शाकाहारी व्यक्तीसाठी ते ८५ ग्रॅम आहे. पाच माणसांसाठी महिन्याला पावणेतेरा किलो! ज्या घरात प्रथिनांचा मुख्य आधार डाळ आणि दूध हाच आहे, तेथे डाळीची खरेदी गरजेच्या निम्मीही नव्हती आणि तेलाची मात्र तिप्पट होती. दुकानाच्या ताळेबंदात असे आढळले असते, तर त्याच दिवशी मुनीमजींना बोलावणे गेले असते.

सुनेने तो कागद सासूबाईंसमोर ठेवला, तेव्हा वाद झालाच. “मम्मीजी, मी कोणाच्या हाताला नावे ठेवत नाही. नुसता हिशेब दाखवते,” असे तिने म्हटले, तरी तीस वर्षे ज्यांच्या हाताची कचोरी नातेवाइकांत वाखाणली गेली, त्यांना तो कागद लागायचा तो लागला. “सोडा म्हणजे काय, आता उकडलेले खायचे का सगळ्यांनी?” हा त्यांचा प्रश्नही रास्त होता. आहारशास्त्राच्या बहुतेक तक्त्यांना हा प्रश्न सुटत नाही. तक्ता भिंतीवर लागतो आणि पंधरा दिवसांत कचोरी परत येते.

मार्ग सुचवला तो ८० वर्षांच्या आजेसासूबाईंनी. त्या रोज एका विगयीचा त्याग करतात. श्वेतांबर परंपरेत दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर आणि कढई अशा सहा विगयी मानल्या आहेत. यांतील ‘कढई’ म्हणजे तळलेले पदार्थ. त्यांचा निराळा उल्लेख करणाऱ्यांना मानवी जिभेची चांगलीच पारख असली पाहिजे. दिगंबर परंपरेतील रसपरित्यागाच्या सहा रसांत कढईच्या जागी मीठ येते. रक्तदाब असलेल्यांनी या फरकाकडे अवश्य लक्ष द्यावे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त सांगितलेल्या सहा बाह्य तपांमध्ये अनशनानंतर लगेच अवमौदर्य येते, ज्यास आपण उणोदरी म्हणतो. पोट थोडे उणे ठेवून उठणे. आपल्याकडे अनशनाचे वरघोडे निघतात, पारण्याच्या पंगती होतात. उणोदरीची मात्र कोणी पत्रिका छापत नाही. नऊ दिवसांच्या आयंबिल ओळीत सहाही विगयींविना स्वयंपाक करणारी घरे पारण्याच्या दिवशी मिठायांचे पाच प्रकार मांडतात, तेव्हा त्या नऊ दिवसांत स्वयंपाकघराने शिकलेले सारे एका दुपारी पुसले जाते.

आजीबाईंनी फक्त एवढे सांगितले की, घराने मिळून कढई विगय महिन्यातून दोन दिवसांवर आणावी. कोणते दोन दिवस, ते सासूबाईंनी ठरवावे आणि त्या दिवशी त्यांनी मनाजोगी कचोरी करावी. या तोडग्यात सासूबाईंचा मान राहिला. शिवाय तळणीचे उरलेले तेल गाळून पुन्हा पुन्हा वापरण्याचा प्रकारही आपोआप संपला. तेल वारंवार तापवल्याने त्यात घातक संयुगे वाढतात, म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्यांच्यावर २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे. घरात ती मोजणार कोण?

खरा पेच संध्याकाळच्या डब्याचा होता. सहाच्या आत दुकानात पोहोचेल, पंधरा मिनिटांत खाता येईल, विदळाचा दोष नाही, कंदमूळ नाही, शिळे नाही आणि करणारीची दुपार त्यात जाणार नाही, असे काय करावे? उत्तर नवे नव्हते. मुगाच्या डाळीची खिचडी, पण प्रमाण बदलून. बहुतेक घरांत दोन वाट्या तांदळाला एक वाटी डाळ पडते. येथे एक वाटी तांदळाला एक वाटी डाळ आली आणि त्यात पाव किलोहून अधिक किसलेला दुधी. चार माणसांच्या या खिचडीला दोन लहान चमचे तुपाची फोडणी पुरते. जिरे, हिंग, हळद, ठेचलेली मिरी, बेताचे मीठ आणि सहा वाट्या पाणी. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की काम झाले. कुकर होईपर्यंत कढी होते. दही आधी चांगले गरम करून मग त्यात बेसन कालवण्याची आपली रीत आहेच. तूप एका चमच्यावर भागते.

दुसऱ्या दिवशी मूगडाळीचे पुडले. दुपारी दोनला डाळ भिजत घालावी, साडेचारला मिरची-जिऱ्याबरोबर वाटावी आणि लगेच तव्यावर घालावी. आंबवणे नाही, त्यामुळे शंकेला जागा नाही. वाटणात बारीक चिरलेली कोबी किंवा किसलेली काकडी घातली, तर भाजीही पोटात जाते. तव्याला तेलाचा नुसता हात पुरतो. बाटलीतून धार धरण्याऐवजी चमच्याने मोजून तेल घ्यायचे, एवढीच शिस्त सुनेने घातली. ज्वारीची भाकरी आणि तुरीच्या डाळीतली तोंडली, हा तिसरा डबा. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असते, तेव्हा पूर्वी पापड, गट्टे आणि भज्यांवर भागत असे. आता त्या दिवशी चवळी किंवा अख्ख्या मुगाची रसदार उसळ होते, मोड न आणता. तिथीच्या दिवशी डाळींचा खप वाढतो आणि महिन्याच्या हिशेबात तो जमेस धरला जातो.

खाकरे बंद झाले नाहीत. गव्हाचा कोरडा भाजलेला खाकरा हा बाजारातील कोणत्याही बिस्किटापेक्षा चांगला आहे. त्याच्यावर तूप चोपडण्याचे कारण नाही, इतकेच.

संध्याकाळी लवकर जेवण्याच्या आपल्या रिवाजास आधुनिक संशोधनाचाही काही आधार मिळू लागला आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मधुमेहाच्या उंबरठ्यावरील पुरुषांना पाच आठवडे दुपारी तीनच्या आत दिवसाचे सर्व जेवण संपवण्यास सांगितले गेले. वजन न घटताही त्यांची इन्सुलिनला प्रतिसाद देण्याची क्षमता सुधारली आणि रक्तदाब उतरला. मात्र प्रयोगातील माणसे केवळ ८ होती आणि त्यांचे अन्न मोजून दिलेले होते. तेव्हा या निष्कर्षाचा आधार घेऊन कोणी साडेपाचला चार कचोऱ्यांचे समर्थन करू नये. दुसरी सावधगिरी अधिक महत्त्वाची आहे. इन्सुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी चौविहार, एकासणे अथवा उपवास करण्यापूर्वी औषधाची मात्रा व वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. रात्रीतून साखर एकाएकी खाली जाण्याचा धोका खरा आहे. डॉक्टरांना आपला नियम सांगण्यात संकोच कशाला? या गृहस्थांच्या डॉक्टरांनी गोळीची वेळ जेवणाशी जुळवून दिली आणि चौविहार अखंड राहिला.

चहाबाबत मात्र घराला पुरते यश आलेले नाही. दुकानात दिवसाला पाच कप होत, प्रत्येकात दोन चमचे साखर. आता कप तीन आहेत आणि साखर निम्मी. मोठ्या घाऊक व्यापाऱ्याबरोबर बसल्यावर फिका चहा मागणे गृहस्थांना अजून जड जाते.

चार महिन्यांनंतरच्या तपासणीत ७.४ चा आकडा ६.७ वर आला. त्यात गोळ्यांचा वाटा आहे आणि सकाळी देरासरला पायी जाण्याचाही आहे. खिचडीचा किती, हे कोणी वेगळे काढू शकणार नाही. कमरेचा घेर ९८ सेंटीमीटरवरून ९४ झाला. भारतीय पुरुषांसाठी तो ९० च्या आत असावा असे मानतात, म्हणजे अजून मजल बाकी आहे. गृहस्थांच्या पत्नीने आणि सुनेनेही रक्त तपासून घेतले. सासूबाईंचा आकडा ६.१ निघाला, म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा. त्या दिवसापासून हिशेबाच्या कागदाविषयीची त्यांची नाराजी मावळली.

तेलाच्या नव्या डब्याच्या झाकणावर आता तो उघडल्याची तारीख लिहिली जाते. मागचा डबा ८६ दिवस पुरला. पाच माणसांना माणशी २७ ग्रॅमप्रमाणे, तूप अजिबात न धरता, तो १११ दिवस पुरायला हवा, असे सुनेचे गणित आहे. डाळ ६ किलोवरून १० किलोवर गेली आहे. दिवाळीला दुकानात येणाऱ्या गिऱ्हाइकांपुढे फरसाणाऐवजी सुका मेवा आणि भाजलेले मखाणे ठेवावेत की नाही, यावर घरात अद्याप एकमत नाही. गृहस्थांच्या मते गिऱ्हाईक नाराज होईल, सुनेच्या मते खर्च वाढेल आणि आजीबाईंच्या मते दोन्ही ताटल्या मांडून पाहाव्यात, कोणती आधी रिकामी होते ते दिसेलच. यंदा दोन्ही मांडायचे ठरले आहे.