जुन्या संगणकात नवी चिप

१९८४ साली भारतात शाळांसाठी ‘क्लास’ नावाची संगणक-साक्षरतेची योजना सुरू झाली. तिच्यातून निवडक शाळांत ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक पोहोचला. इंग्लंडच्या एकॉर्न कंपनीने तो १९८१ साली बाजारात आणला होता. असे एखादे यंत्र नागपुरात जुन्या सामानात तुमच्या हाती लागले, तर ते पुन्हा चालू करता येईल काय? येईल, आणि त्याची ताकदही वाढवता येईल. मात्र घाईने बटण दाबू नका.

आधी तपासणी, मग वीज

संगणकाच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत कागदी धारित्रे, म्हणजे कपॅसिटर, असतात. जुनी झाल्यावर त्यांच्या पारदर्शक वेष्टनाला तडे जातात व आत ओल शिरते. मग वीज देताच धारित्र जळून दाट धूर निघतो. ती बदलण्याचे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या. आपल्या घरातील २३० व्होल्ट विजेचे शिखरमूल्य २३० × १.४१४, म्हणजे सुमारे ३२५ व्होल्ट असते. प्लग काढल्यावरही पेटीतील मोठ्या धारित्रात एवढा दाब काही काळ शिल्लक राहू शकतो! पेटीतून बरोबर ५ व्होल्ट मिळतात, हे कारागिराकडून मोजून घ्यावे.

यंत्राचा आवाज ऐका

संगणक जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या अँटेनाच्या जागी जोडा व यूएचएफ पट्ट्यातील ३६ व्या वाहिनीजवळ चित्र शोधा. आवाज संगणकातील स्पीकरमधूनच येतो. सुरू करताच आधी खालच्या पट्टीतला सूर व लगेच एक बारीक ‘बीप’ ऐकू आला, तर प्रक्रियक काम करू लागला असे समजावे. पहिला सूर न थांबता वाजत राहिला, तर प्रक्रियकाला सूचना मिळत नाहीत. अशा वेळी वीज बंद करून चिप्स खोबणीत नीट बसल्या आहेत का, ते पाहावे.

एक खोली, अनेक पाळ्या

या संगणकाच्या ६५०२ प्रक्रियकाला पत्ता सांगण्यासाठी १६ तारा आहेत. म्हणून तो २१६ नव्हे, तर २ चा १६ वा घात, म्हणजे ६५,५३६ जागाच ओळखतो. यालाच ६४ के म्हणतात. त्यांपैकी ३२ के बदलत्या स्मृतीला आणि १६ के यंत्राच्या मूळ कार्यप्रणालीला जातात. उरलेल्या १६ केमध्ये बेसिक भाषेची चिप असते. मग नवी चिप बसणार कोठे?

एकाच वर्गखोलीत सकाळी एक शाळा व दुपारी दुसरी भरते ना? तसेच येथे आहे. शेवटच्या १६ केसाठी चार खोबण्या आहेत, पण एका वेळी एकच चिप ‘वर्गात’ असते. म्हणून रिकाम्या खोबणीत नवी चिप बसवता येते. स्मृतिकार्ड वाचणारी चिप बसवली आणि कार्डाचा जोड लावला, की कॅसेटची गरज उरत नाही. कॅसेटवरून सेकंदाला जेमतेम १२० अक्षरे येतात. म्हणजे १२,००० अक्षरांच्या कार्यक्रमाला किमान १०० सेकंद लागतात!

नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात अंगावर स्थिर वीज सहज साठते व चिप निकामी करू शकते. म्हणून वीज बंद करून, आधी भू-जोडणी असलेल्या धातूला स्पर्श करा. चिपची खाच शेजारच्या चिप्सच्या खाचेच्या दिशेलाच ठेवा.

आता एक कोडे: कोणती चिप वर्गात यायची, हे ४ बिटांनी ठरते. मग जास्तीत जास्त किती पाळ्या भरवता येतील?