न दिसणाऱ्या गलबतांचा डाव

सागरी युद्ध म्हटले की तोफांचा गडगडाट आणि धुराचे लोट यांचे चित्र मनात घेऊन जो कोणी 'हार्पून' या संगणकावरील खेळासमोर बसेल, त्याच्या पदरी प्रथम निराशाच येईल. कारण पडद्यावर एक नकाशा, त्यावर काही भौमितिक चिन्हे आणि एखाद्या जुन्या दप्तरात शोभावी अशी अंकांची रूक्ष नोंद, यांपलीकडे फारसे काही दिसतच नाही. अमेरिकन नौदलातील अधिकारी लॅरी बाँड यांनी 1980 साली हा खेळ प्रथम टेबलावर फासे टाकून खेळण्याच्या स्वरूपात प्रसिद्ध केला. संगणकावर तो 1989 मध्ये आला. मधल्या काळात बाँड आणि टॉम क्लॅन्सी यांनी मिळून लिहिलेल्या 'रेड स्टॉर्म रायझिंग' या कादंबरीतील काही सागरी झुंजी आधी याच नियमांनी खेळून पाहण्यात आल्या होत्या. पात्रांचे मरण फाशांच्या स्वाधीन करणारे कादंबरीकार विरळाच!

बुद्धिबळासारखी आळीपाळीने चाल येथे नाही. तुम्ही विचार करीत असता तेव्हाही गलबते चालतच असतात, आणि रिकामे तास कंटाळवाणे वाटले तर काळाची गती वाढविण्याची सोय आहे. मात्र त्या घाईत शत्रूची पाणबुडी कधी जवळ आली हे कळत नाही. मूळ संचाचे रणक्षेत्र ग्रीनलंड, आइसलंड आणि ब्रिटन यांच्यामधले. शीतयुद्धात सोव्हिएत पाणबुड्यांना उत्तरेकडून अटलांटिकमध्ये उतरावयाचे तर तोच मार्ग होता.

खरा पेच मात्र रडार सुरू ठेवावे की बंद, या एका हुकमात आहे. रडारच्या लहरीला लक्ष्यापर्यंत जाऊन परत यावे लागते, शत्रूच्या ग्राहकयंत्राला ती एकेरी मिळाली तरी पुरते. म्हणून जो पाहू लागतो, तो स्वतः कितीतरी दूरवरून उघडा पडतो. उलट मुकाट्याने ऐकत राहिले, तर शत्रूची दिशा कळते, अंतर कळत नाही, आणि नकाशावर एका निश्चित बिंदूऐवजी 'येथे कोठेतरी' एवढेच सांगणारा एक ऐसपैस प्रदेश उमटतो. तो आक्रसावा म्हणून दुसरे जहाज बाजूला पाठवून दोन दिशारेषांचा छेद साधण्याची तजवीज करण्यात जो अर्धा तास जातो, त्यात एकही गोळी सुटत नसली तरी छातीतली धडधड थांबत नाही.

त्यात पृथ्वीच्या गोलाईची भर. पाण्यापासून 25 मीटर उंचीवरील रडारला 5 मीटर उंचीवरून येणारे क्षेपणास्त्र सुमारे 30 किलोमीटरवर आल्याखेरीज दिसत नाही, आणि उरलेले अंतर ते शंभरेक सेकंदांत तोडते. 4 मे 1982 रोजी फॉकलंडच्या युद्धात 'शेफिल्ड' या ब्रिटिश विनाशिकेवर एक्झोसेट क्षेपणास्त्र आदळले, ते असेच लाटांना लगटून आले होते. त्याआधी, 4 डिसेंबर 1971 च्या रात्री, कराचीजवळ आपल्या 'निर्घात' या क्षेपणास्त्र नौकेने 'खैबर' ही पाकिस्तानी विनाशिका बुडविली, तेव्हा पहिल्या आघातानंतर 'खैबर'वरून गेलेला संदेश विमानहल्ल्याचा होता. मारणारी एक चिमुकली नौका आहे, हे त्या लोकांना उमगलेच नाही.

केवळ करमणूक हवी असेल त्याने या वाटेस जाऊ नये. ज्याला जावयाचे असेल त्याने एवढेच करावे: पहिल्याच डावात सर्व रडारे बंद ठेवावीत, आणि तासभर ती सुरू करण्याचा मोह आवरून दाखवावा.